स्वानंदीच्या काँग्रेसला कोरम मिळेना

स्वानंदीने मेलमध्ये खरी वेळ लिहिली, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावच्या मराठी शाळेत खरी वेळ कुणीच कधी लिहीत नसे. शाळा चालवणाऱ्या नीलाकाकू दहाच्या कार्यक्रमाला साडेनऊ लिहायच्या. त्या अर्धा तास आधीची वेळ लिहितात हे सगळ्या पालकांना ठाऊक होतं, त्यामुळे सगळे निवांत अंघोळी आटपून दहाला यायचे. कुणाचंच अडत नव्हतं. गणपतीची आरतीसुद्धा अशीच वर्षानुवर्षं अगदी वेळेवर होत आली होती.

पण स्वानंदी पडली अकरावीतली. त्यातून शाळेच्या डिबेट टीममध्ये नुकतीच शिरलेली. दातांवरच्या तारा उन्हाळ्यात निघाल्या आणि तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं ते मिटलंच नाही, असं तिची आई कांचन येईल त्या पाहुण्याला सांगायची. गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलगी पिझ्झाची ऑर्डर फोनवर द्यायलाही घाबरायची! आता तिने पालकांच्या ग्रुपला ठणकावून लिहिलं होतं, "रविवारी मोठ्या गटाचा खुला तास आहे. सकाळी दहा वाजता. दहा म्हणजे दहा!!!"

तीन उद्गारचिन्हं. पालकांनी ती वाचली, कौतुकाने हसले, आणि साडेदहाला यायचं ठरवलं.

झालं होतं असं की नीलाकाकूंना बहिणीच्या मुलाच्या लग्नाला पुण्याला जायचं होतं. मोठ्या गटातली सात मुलं कुणाकडे सोपवायची हा प्रश्न होता. ही मुलं नऊ ते अकरा वर्षांची, म्हणजे 'कमळ-बदक'साठी फार मोठी आणि गप्प बसण्यासाठी फार लहान. "मी घेते ना!" असं स्वानंदी म्हणाली, आणि आपण हे मोठ्याने म्हणालो याचंच तिला नवल वाटलं. शाळेच्या समितीत तिघं होती, आणि त्यातल्या त्र्यंबककाकांना ही कल्पना मुळीच पटली नाही. काका हृदयाचे डॉक्टर होते, आता निवृत्त. १९६९ साली अमेरिकेत आलेले. ज्या मराठी मंडळाची ही शाळा, त्याची घटना त्यांनी स्वतः लिहिली होती आणि ती वाचलेले बहुधा तेच एकटे होते.

"शाळेतली पोर शाळा घेणार? मुलं तिच्याशी इंग्लिशमध्येच बोलणार," ते म्हणाले. "त्यापेक्षा हा गट लहान मुलांच्या गटात मिसळून टाका."

शेवटी नीलाकाकूंनी मध्यममार्ग काढला. स्वानंदीने काही रविवार तास घ्यावेत. मग खुला तास ठेवायचा. समिती बघायला येईल. प्रत्येक मूल मराठीत बोललं तर गट जूनपर्यंत स्वानंदीकडे, नाहीतर कमळ आणि बदक.

स्वानंदीला तो गट हवाच होता. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. पहिल्या रविवारी सात जोडी डोळे तिच्याकडे लागले, ती बोलली, आणि ते डोळे हलले नाहीत. बस, एवढंच. डिबेटमध्ये कप मिळाला तेव्हाही तिला इतकं भारी वाटलं नव्हतं.

आता शिकवायचं काय? धड्यातला ससा मुलांनी एका रविवारात संपवला. "टीचर, धिस इज सो बोरिंग," अकरा वर्षांचा ईशान टेबलावर गाल टेकून म्हणाला. तेव्हा स्वानंदीने त्या आठवड्यात स्वतः शाळेत जे शिकत होती तेच काढलं. अमेरिकेची पहिली काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, १७८९ साल, न्यूयॉर्क. आणि ते सगळं सांगायचं मराठीत! अर्धे शब्द तिलाच येईनात. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी सिनेटला सिनेट आणि हाउसला हाउसच म्हणायचं ठरलं, पण बाकी गोष्ट मात्र मराठीत. ठराव, हरकत, अनुमोदन हे शब्द तिने त्र्यंबककाकांच्याच मंडळाच्या घटनेतून उचलले. (म्हणजे घटना वाचणारी ती दुसरी.) मुलांना 'हरकत आहे!' असं ओरडायला इतकं आवडलं की ती डबा उघडतानासुद्धा हरकती घेऊ लागली.

वर्ग म्हणजे आता हाउस. सात सभासद. चार जण असल्याशिवाय, म्हणजे कोरम झाल्याशिवाय, कामकाज सुरू करायचं नाही, हा पहिला ठराव एकमताने पास झाला.

एकमताने म्हणजे, निहार सोडून.

निहार दहा वर्षांचा. वडील गिरीश ट्रँगल पार्कमधल्या एका कंपनीत कामाला, कुटुंब नागपूरहून येऊन जेमतेम काही महिने झालेले. निहार सगळं ऐकायचा, त्याचे डोळे चमकायचे, हात वर जायचा, पण तोंडातून यायचं ते इंग्लिश. तेही तोडकंमोडकं. मराठीत विचारलं की खांदे उडवायचा. तीन महिन्यांत मराठी विसरला की काय हा? स्वानंदीने गोष्टी सांगून पाहिल्या, चॉकलेटं देऊन पाहिली, एकदा तर चक्क विनवणी केली. निहार बुटाच्या नाडीशी खेळत राहिला.

आणि आज रविवार उजाडला. खुला तास.

कम्युनिटी सेंटरच्या त्या खोलीत दहा वाजता हजर होते ते असे: स्वानंदी. लग्नाहून परतलेल्या, जेट लॅगने डोळे तांबारलेल्या नीलाकाकू. टाय लावून आलेले त्र्यंबककाका. ईशान आणि आरोही ही जोडगोळी, कारण त्यांना स्वानंदीच आपल्या गाडीतून घेऊन आली होती. आणि निहार. त्याचे वडील नवे, बिचाऱ्यांनी मेलमधल्या वेळेवर विश्वास ठेवून त्याला दहाला दाराशी सोडलं होतं.

बाकीच्या खुर्च्या रिकाम्या.

"दहा म्हणजे दहा," त्र्यंबककाका घड्याळ बघत म्हणाले. त्यांनी ते अगदी गोड आवाजात म्हटलं, म्हणून जास्तच लागलं.

नीलाकाकूंनी स्वानंदीला खिडकीपाशी घेतलं. "अगं, तू खरंच दहा लिहिलंस?"

"दहालाच होतं ना, काकू!"

"म्हणूनच साडेनऊ लिहायचं असतं, बाळा. कमाल करतेस." मग हळूच, "साडेअकराला योगाचे लोक येतील. सुरू कर आहे त्यांच्यावर."

स्वानंदीने तोंड उघडलं, पण तेवढ्यात आरोहीचा हात वर. "हरकत आहे! कोरम नाही. चार पाहिजेत, आम्ही तीनच आहोत."

त्र्यंबककाकांच्या भुवया वर गेल्या. "मुलगी काय म्हणाली?"

"कोरम, काका," ईशान म्हणाला. "तो आमचा रूल आहे. ब्रेक नाही करू शकत."

सात मुलांचं बोलणं दाखवायचं होतं आणि इथे तीनच, त्यातलं एक मुकं. पण ती डिबेटवाली होती ना! हातात पत्ते वाईट आले तर तेच पत्ते टेबलावर उघडे टाकायचे, हे ती शिकली होती.

"आरोहीची हरकत मान्य," ती म्हणाली. "सभासदहो, हे आपल्याबरोबरच होतंय असं समजू नका. १७८९. चार मार्च. न्यूयॉर्कमध्ये काँग्रेस सुरू व्हायची होती. तोफा उडाल्या, घंटा वाजल्या. आणि सभासद किती आले?"

"सगळे?" आरोही म्हणाली.

"मूठभर! रस्त्यात चिखल, नद्यांना पूर, कुणाचं जहाज अडकलेलं, कुणी घरीच रेंगाळलेलं. महिना गेला कोरम व्हायला! नवा कोरा देश, आणि त्याची काँग्रेस रोज जमायची, डोकी मोजायची आणि घरी जायची."

"एक महिना?" ईशान खुर्चीत सरळ झाला. "दे वेअर लाइक टोटली इंडियन!"

नीलाकाकू फिसकन हसल्या. त्र्यंबककाका हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"मग जे आले होते त्यांनी काय केलं?" स्वानंदीने विचारलं. "सिनेटवाल्यांनी न आलेल्यांना पत्रं पाठवली. बाबांनो, या! आपण काय करायचं?"

"फोन!" दोघं ओरडली.

नीलाकाकूंचा फ्लिप फोन टेबलावर आला. स्वानंदीने एकेक घर लावलं. स्वरा तयार आहे, पण तिच्या घरी गाडीची किल्ली सापडत नाहीये. सातव्या सभासदाच्या घरचा फोन एंगेज. संग्रामच्या घरी उत्तर देणारं यंत्र. आश्लेषाच्या घरी फोन वाजतच राहिला.

तेवढ्यात निहारने तिची बाही ओढली. "आश्लेषा लिव्ह्स अपस्टेअर्स," तो पुटपुटला. "माय हाउस, देन हर हाउस." सेंटरच्या मागच्याच अपार्टमेंटमध्ये, खिडकीतून दिसत होती ती इमारत. "माय आजी कॅन गो. नॉक."

"मग लाव की आजीला फोन."

त्याने हात मागे घेतला. खोलीभर नजर टाकली, ईशानकडे जरा जास्तच वेळ. मग घड्याळाकडे पाहिलं. मग फोन उचलला, भिंतीकडे तोंड केलं आणि नंबर दाबला.

"हॅलो, आजी? अवं, मी निहार. आशूच्या घरी जाय ना वरती, फोनच नाही उचलून राहिले ते... नाही वं, झगडा नाही झाला. काँग्रेस सुरू नाही होऊन राहिली! एक मानूस कमी हाय... तिले म्हन का पळत ये. ताईचा आज पेपर हाय, ते बुढे काका घड्याळ पाहून राहिले."

बुढे काकांनी घड्याळावरची बाही खाली ओढली.

स्वानंदीच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. तिला पहिला रविवार आठवला. आवडता पदार्थ सांगायचा होता, निहारने "मले वरनभात" असं काहीतरी म्हटलं होतं, आणि ईशान "मले?" म्हणून खुदकन हसला होता. वाईट हेतूने नाही, नवीन शब्द म्हणून. वर्ग हसला, तीही बहुतेक हसली असेल, आणि गाडी पुढे गेली. मराठी येत नाही म्हणून हा पोरगा गप्प नव्हता. घरची होती तशी मराठी त्याने खिशात घालून ठेवली होती.

तिला त्याला मिठीच मारावीशी वाटली. पण दहा वर्षांच्या मुलाला चारचौघांत मिठी मारली तर तो पुढची दहा वर्षं बोलणार नाही, एवढं तिला कळत होतं. म्हणून ती फक्त म्हणाली, "सभासद निहार यांनी निरोप पोहोचवला. नोंद घ्यावी."

ईशानचा मात्र जबडा खाली. "ड्यूड! यू कॅन टॉक!"

निहारचे कान लाल झाले. तो बुटाच्या नाडीकडे वळणार, एवढ्यात दार उघडलं.

दारात नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, त्यावर मुलाचा भला मोठा हुडी आणि पायात पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, अशा थाटात एक आजी उभ्या होत्या. धापा टाकत.

"त्या पोरीचं डोकं ओलं हाय," आजी म्हणाल्या. "माय म्हने, वाळवल्याशिवाय नाही धाडत, सर्दी होते. एक मानूस कमी हाय म्हने ना तुमच्यात? म्हून मीच आली."

आणि त्या चौथ्या खुर्चीत बसून मोकळ्या झाल्या.

नीलाकाकूंनी पदर तोंडाला लावला. आरोहीने टाळ्याच पिटल्या. "चार! झाला कोरम!"

"हरकत आहे," ईशान म्हणाला. "आजी मेंबर नाहीत. त्या व्हिजिटर व्हिसावर आहेत. सिक्स मंथ्स ओन्ली."

"काय म्हनते हा पोट्टा?" आजींनी नातवाला विचारलं.

आता आजी समोर बसलेल्या, आणि आजींना इंग्लिश येत नव्हतं. निहार उभा राहिला. एकदा आजींकडे, एकदा ईशानकडे पाहिलं.

"तो म्हनते, तू इथली नाही," निहार म्हणाला. मग ईशानकडे वळून, मोठ्याने, "पन ती आली ना! बाकीचे इथलेच हायत, ते काऊन नाही आले? जो आला तोच मेंबर. मी तर म्हनतो, तिले घ्या."

कुणी हसलं नाही. ईशान डोकं खाजवत म्हणाला, "दॅट्स अ गुड पॉइंट, पण रूल..."

"थांबा, थांबा!" स्वानंदी टेबलावर हात आपटत म्हणाली. तिला आता थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. "हाच वाद पहिल्या हाउसमध्ये झाला होता! आपल्या शेजारच्या साउथ कॅरोलायनाचा एक सभासद. लोक म्हणाले, हा इतकी वर्षं परदेशात होता, हा सात वर्षं इथला नागरिक आहे कुठे? मग हाउसने चर्चा केली, मत घेतलं, आणि त्याला आत घेतलं."

"मग मत घ्या!" निहार म्हणाला. "आजीले आत घ्या!"

"हरकत."

हा आवाज मागून आला. त्र्यंबककाका उभे होते. टाय सारखा करत.

"कोरम नसताना सभासदत्वावर मत घेता येत नाही. ते चार असल्यावरच घेता येईल. आणि चार तर नाहीत, म्हणून तर मत."

सगळ्यांनी स्वानंदीकडे पाहिलं. घड्याळही तिच्याकडेच पाहत असावं. आजींना मोजलं की काम सुरू, मुलं बोलती, निहार तर बोललाच होता. पण काका बरोबर होते, आणि ते बरोबर होते हे तिने स्वतःच मुलांना शिकवलं होतं.

"काकांची हरकत मान्य," ती म्हणाली. "कमी माणसं असली की दोनच गोष्टी करता येतात. उद्यावर ढकलायचं, नाहीतर न आलेल्यांना बोलावत राहायचं. सॉरी, निहार."

निहारचा चेहरा पडला.

"मंग मी जाऊ का वापस?" आजी उठू लागल्या.

"नाही, नाही, आजी! बसा!" स्वानंदी धावलीच. "हाउसचं दार पहिल्यापासून लोकांसाठी उघडं होतं. कुणीही गॅलरीत बसून बघू शकायचं. सिनेट मात्र कित्येक वर्षं दार लावून बसायची. आपण हाउस आहोत. तुम्ही आमची गॅलरी."

"गॅलरीले बोलता येते का?"

"नाही, पण हसता येतं."

"मंग ठीक हाय," म्हणत आजी त्र्यंबककाकांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि हुडीच्या खिशातून काढून त्यांच्या हातावर भुईमुगाच्या चार शेंगा ठेवल्या. काकांनी त्या नाकारल्या नाहीत.

आणि मग, साडेदहाच्या सुमाराला, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली आश्लेषा आत आली. "सॉरी, मम्मी म्हणाली दहा म्हणजे..."

"चाSSर!" सगळं हाउस ओरडलं. गॅलरीनेही ओरडून घेतलं.

तिच्या मागोमाग बाकीची तिघंही आली, पालक आले, कुणी डोनट आणले, कुणी 'लवकरच आलो ना आम्ही?' असं विचारलं. आश्लेषाला तर समजेचना की आपल्या येण्यावर एवढा जल्लोष कशाचा.

उरलेल्या वेळात एकच विषय घेता आला, पण तो मुलांचा लाडका. पहिल्या काँग्रेसची दोन सभागृहं पहिल्यांदा भांडली ती यावरून, की नव्या राष्ट्राध्यक्षाला म्हणायचं काय? सिनेटच्या समितीला 'महामहिम, संयुक्त संस्थानांचे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षक' असं लांबलचक हवं होतं. हाउसने सांगितलं, नुसतं राष्ट्राध्यक्ष म्हणा, पुरे. पालकांना सिनेट केलं. ते जे भांडले! ईशानच्या बाबांनी 'श्रीमंत' लावायचा आग्रह धरला. आश्लेषा टॉवेल सावरत म्हणाली, "एवढं लांब नाव म्हणेपर्यंत तो माणूस निघून जाईल." हाउस जिंकलं.

तेव्हा निहारने हात वर केला. "ठराव हाय. आपल्या टीचरले काय म्हनायचं?"

हा प्रश्न खराच होता. आतापर्यंत तिला कुणी टीचर म्हणे, कुणी मिस, आणि ईशान नुसतंच 'हे'.

"आदरणीय कुमारी स्वानंदी मॅडम," सिनेटमधून कुणीतरी म्हणालं.

"हर हायनेस," आरोही म्हणाली.

"ताई," निहार म्हणाला. "ताईच म्हनू ना. मले ताईच आवडते."

ईशानने त्याच्याकडे पाहिलं.

"अनुमोदन," ईशान म्हणाला. आणि मग, जीभ जपून टाकत, नवीन खेळणं हातात घ्यावं तसं, "मले पण."

हाउस हसलं. पण निहार सगळ्यात मोठ्याने हसला, आणि म्हणाला, "मले पन. पण नाही, पन!" आणि ईशानने ते पुन्हा नीट म्हणून दाखवलं.

योगावाले गाद्या घेऊन दाराशी उभे राहिले तेव्हा त्र्यंबककाका घसा खाकरत पुढे आले. हातात शेंगांची टरफलं.

"समितीचा निर्णय..."

"समिती तीन जणांची आहे, त्र्यंबकराव," नीलाकाकू डोळे मिचकावत म्हणाल्या. "आपण दोघंच आलोय. कोरम आहे का?"

"तिघांत दोन. आहे," काका म्हणाले. "मी मोजलंय." मग स्वानंदीकडे वळले. "आजींना मोजलं असतंस तर मी आजच हा गट बंद केला असता. जूनपर्यंत तुझा. आणि पुढच्या रविवारी मला गॅलरीत जागा हवी."

"पहिली रांग तुमचीच, काका!" स्वानंदी म्हणाली. मुलं मागून ओरडत होती, "ताई! ताई! पुढच्या वेळी काय?"

त्या रात्री मेल लिहिताना तिने वेळ टाकली, साडेनऊ. एकही उद्गारचिन्ह नाही. शिकली होती ती आता.

पुढच्या रविवारी साडेनऊला सेंटरच्या पार्किंगमध्ये शुकशुकाट होता. दोनच माणसं दाराशी उभी होती, एक हुडीतल्या आजी आणि त्यांचा हात धरून निहार. या दोघांना मंडळाचं गणित अजून कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सांगणार तरी कोण? ताई त्यांच्याही आधी येऊन, दार उघडून, खुर्च्या मांडत होती.